आठाची गाडी

पेडणे,
५ जानेवारी २०२५

बाय कुसुम,

पाकिटावरचे अक्षर ओळखूनही तू हे फोडलेस, असे धरून लिहितो. फोन तीन वेळा केला होता. तिसऱ्या वेळी ओंकारने उचलला. "मामा, आई बोलणार नाय म्हणते," एवढेच म्हणाला आणि बिचारा स्वतःच ओशाळला. तुझ्या मुलाचा आवाज मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकला. चांगला आवाज आहे.

कामाचे आधी सांगतो. २३ फेब्रुवारीला डिचोलीत एक कार्यक्रम आहे. ज्यांचे आयुष्यात एकच गाणे गाजले आणि पुढे ज्यांना कोणी विचारले नाही, अशा आपल्या भागातल्या जुन्या गायकांना एकत्र आणायचे आणि प्रत्येकाकडून ते एक गाणे म्हणवून घ्यायचे. गौरेश नावाचा एक तरुण हे सगळे जमवतो आहे. घरी आला, पाया पडला, म्हणाला, "काका, 'आठाची गाडी' झाल्याशिवाय लोक खुर्चीवरून उठायचे नाहीत."

मी हो म्हटलेले नाही. नाहीसुद्धा म्हटलेले नाही.

गाणे पुन्हा वर आले आहे, तुझ्या कानावर असेलच. आमच्या प्रतीक्षाने मोबाईलवर दाखवले. तिला मांद्र्याला दिली आहे, तिच्या घरच्यांचे तिथे गेस्ट हाऊस आहे. तिथल्याच समुद्रावर दहाबारा मुली निळ्या छत्र्या घेऊन नाचतात आणि मागे माझा सत्तावीस वर्षांचा आवाज:

सातची गेली, साडेसातची गेली,
निळी छत्री हलाक नाय,
आठाच्या गाडयेत काय गो आसा?
सगळीच गाडी म्हापशाक जाय!

चार लाख लोकांनी पाहिले म्हणे. "बाबा, तुम्ही फेमस!" असे प्रतीक्षा कौतुकाने म्हणाली. ती छत्री आपल्या आत्याची, हे तिला ठाऊक नाही. आम्ही तिला कधी सांगितले नाही.

तुझ्या सासरच्या मयेहून डिचोली दहा मिनिटे. बाजारात कुठल्या तरी भिंतीवर माझा फोटो लागेल आणि तुला तिथून कळेल, हे बरे नव्हे, म्हणून विचारतो. तुझी हरकत नसेल तर मी म्हणेन. साठी गाठली, पण तीन कडव्यांपुरता आवाज अजून आहे.

आणि एवढे तरी लक्षात घे, गाण्यात मी तुझे नाव कुठेही घातले नव्हते. त्या वर्षी पेडण्यात निळ्या छत्र्या शंभर होत्या. तुझ्या त्या मैत्रिणीने, रुक्मिणीने तोंड उघडले नसते, तर ती छत्री कोणाची हे कोणाला कळणार होते?

एका ओळीचे उत्तर चालेल.

तुझा दादा,
सगुण

पेडणे,
१९ जानेवारी २०२५

कुसुम,

तुझे उत्तर आले नाही. सुविधा म्हणते, नणंदबाईंनी लग्नानंतर माहेरच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, त्या तुमच्या पत्राला का विचारतील. ती खोटे बोलत नाही. आईच्या वेळी तू आलीस ती सरळ स्मशानाच्या वाटेवर, आणि तिथूनच परत गेलीस. तुझे यजमान गेले तेव्हा मी बाराव्याला आलो होतो. तू पाण्याचा तांब्या पुढे ठेवलास आणि आत गेलीस. मी पाणी प्यालो. मग कोणाशी बोलावे ते कळेना, म्हणून बाहेर चपलांपाशी उभा राहिलो.

काल म्हापशाला गौरेशने आम्हा सगळ्या एकेका गाण्याच्या माणसांना भेटायला बोलावले होते. सात जण आलो. एकजण काठी टेकत आला. एकाला ऐकू येत नाही, त्याला त्याचेच गाणे मोठ्याने लावून दाखवावे लागले. आमची सगळ्यांची गोष्ट एकच. लोक रस्त्यात थांबवतात, ती एक ओळ म्हणतात, हसतात आणि जातात. माझी दुसरी कॅसेट आली होती हे तुला ठाऊक असेल. तिच्यात आठ गाणी होती. त्यातली दोन तरी 'आठाची गाडी'पेक्षा चांगली होती, असे मला आजही वाटते. कोणी ऐकली नाहीत. बाबा गेले त्याच्या दहाव्या दिवशी भजनाला बसलो होतो, तिथेही मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "सगुण, ती गाडी सोड मरे एकदा."

मांद्र्याच्या देवकीबाई शेजारी बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचे गाणे रेडिओवर एकोणऐंशी साली गाजले होते, कुर्ल्या पकडण्याचे. बोलता बोलता त्यांनी विचारले, "तुझी ती छत्रीवाली खरी होती काय रे?"

"नाय ओ. कल्पना."

त्या हसल्या. "कल्पना कधी साडेसातची गाडी सोडीत नाय, बाबा. कोण होती?"

मी चहा ढवळत राहिलो.

"जिवंत आसा?"

"आसा."

"मगे ती येतली मरे कार्यक्रमाक?"

 घरी येईपर्यंत तोच प्रश्न.

म्हणून जे झाले ते पुन्हा एकदा लिहून पाहतो.

तू आणि रुक्मिणी म्हापशाला एकाच शिलाईच्या दुकानात कामाला होतात. रुक्मिणी सातच्या गाडीने निघायची, तू नाक्यावर थांबायचीस. मी एकदा विचारले तेव्हा तू मानेला झटका देऊन म्हणालीस, "आठाच्या गाडयेक गर्दी कमी आसता." मग चार दिवसांनी स्वतःच विहिरीपाशी येऊन सांगितलेस. आठच्या गाडीचा कंडक्टर निवृत्ती, चंदगडकडचा. "दादा, कोणाक सांगू नको हां. रुक्मिणीक सोडून कोणाकच म्हायत नाय." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

आणि चतुर्थीत गाणे केले. ते वाईट बुद्धीने केले नाही. तू तिथे उभी असायचीस ते इतके गोड दिसायचे की गाणे आपोआप आले. मंडळाच्या स्टेजवर म्हटले, लोकांनी तीनदा म्हणायला लावले. मार्चमध्ये कॅसेट निघाली. मे महिन्यापर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक टॅक्सीत तेच. पावसाळा आला तेव्हा पेडण्यातल्या एकाही मुलीने निळी छत्री घेतली नाही. तूसुद्धा काळी घेतलीस.

नोव्हेंबरमध्ये निवृत्ती मला मामलेदार कचेरीत भेटायला आला. खाकी शर्ट, हातात तिकिटांची पेटी तशीच. टेबलासमोर उभा राहिला, बस म्हटले तरी बसला नाही. "दादा, गाडीत लोक गाणं म्हणत्यात. तिला खाली मान घालून बसावं लागतं. शिमग्यापर्यंत तेवढं थांबवा. मी गावाकडं बोलतो, रीतसर मागणी घालतो. मग खुशाल गावा."

मी म्हटले, थांबवतो.

डिसेंबरमध्ये डिचोलीचा कार्यक्रम होता. सगळ्यात मोठे मैदान. मी गाणे म्हटले. एवढेच माझ्या हातून झाले. मी फक्त गाणे म्हटले.

सगुण

पेडणे,
३ फेब्रुवारी २०२५

कुसुम,

मागच्या पत्रात शेवटचे वाक्य खोटे लिहिले.

पाकीट टाकून पोस्टातून बाहेर पडलो आणि पायरीवरच कळले की बत्तीस वर्षे मी हे वाक्य स्वतःला सांगत आलो. आता कागदावर तुला सांगितले, तेव्हा ते मलाच पटेना.

डिचोलीला त्या संध्याकाळी मी गाणे दोनदा म्हटले. दुसऱ्यांदा संपल्यावर पुढच्या रांगेतून मुले ओरडायला लागली, "छत्रीवाली कोण? नाव सांगा, नाव सांगा!" तबलजी हसत होता. समोर हजार दीड हजार माणूस. मी माईक जवळ घेतला आणि म्हटले, "लांबची नाय रे! आमच्याच घरातली!"

कुसुम, त्यावर ज्या टाळ्या पडल्या तेवढ्या मला त्याआधी कधी मिळाल्या नव्हत्या, आणि त्यानंतरही कधी मिळाल्या नाहीत. खोटे कशाला लिहू, त्या क्षणी मला फार बरे वाटले. निवृत्ती आठवला नाही. तू आठवली नाहीस.

आमच्या घरात बहीण एकच. आठची गाडी एकच, तिचा कंडक्टर एकच. बाकीचे लोकांनी जुळवले. गोष्ट डिचोलीहून म्हापशाच्या स्टँडवर आणि तिथून पेडण्याला पोचली, तोवर ती कोणी सांगितली हे गळून पडले होते. काय सांगितले तेवढे उरले.

बाबांनी मला पडवीत बोलावले. तुला त्यांनी आधीच आत कोंडले होते. "घरातली गोष्ट भायर गेली कशी?" त्यांनी विचारले. मोठ्याने नाही. बाबा मोठ्याने बोलत नसत तेव्हाच भीती वाटायची. आई दारात उभी होती. मला वाटले, आता हे माझी पेटी विहिरीत टाकणार, माझे गाणे बंद करणार.

मी म्हटले, "रुक्मिणी. तिणें दुकानात सांगलां."

विचार करून म्हटले नाही, पण जीभ अडखळलीही नाही. तू एकदा सांगितले होतेस की तिला सोडून कोणाला माहीत नाही. तेवढेच नाव माझ्यापाशी होते.

पुढचे तुला ठाऊक आहे. आई पदर खोचून रुक्मिणीच्या दारात गेली आणि तिच्या घरच्यांसमोर तिला मुस्काटीत मारली. रुक्मिणी "मी नाय, मी नाय" म्हणत होती. बाबांनी बसच्या मालकाला निरोप पाठवला, "घाट्याक काढ, नाय तर गाडी पेडण्यात थांबाची नाय." आठ दिवसांत निवृत्तीला काढले. गावी जाण्याआधी तो पुन्हा कचेरीत आला होता, हे तुला कोणी सांगितले नसेल. मला वाटले, मारील. मारले असते तर बरे झाले असते. त्याला डिचोलीचे सगळे कळले होते. नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "गाणं मात्र चांगलं झालंय तुमचं." एवढे बोलून गेला.

मे महिन्यात तुला मयेला दिली. यजमान तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. बघायला आले तेव्हा चहाचा ट्रे मीच तुझ्या हातात दिला होता.

मी ठरवले आहे, २३ तारखेला स्टेजवर जायचे आणि गाणे म्हणायचे नाही. हे सगळे सांगायचे. ज्या डिचोलीत ते बोललो, तिथेच सर्वांसमोर तुझी माफी मागायची. गौरेशला अजून कळवलेले नाही. तू समोर बसलीस तर मला धीर येईल. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगतो.

सगुण

पेडणे,
१७ फेब्रुवारी २०२५

कुसुम,

तुझे पत्र मिळाले. इतक्यांदा वाचले की पाठ झाले. तुझे तुलाच परत लिहून दाखवतो, म्हणजे मी काही गाळून वाचले नाही हे तुला कळेल.

"तुझी तिन्ही पत्रे वाचली. ते गाणे तू पहिल्यांदा पडवीत पेटीवर म्हटलेस तेव्हा मी दाराआड उभी राहून हसले होते. मला ते आवडले होते. आपल्यावर कोणी गाणे केले म्हणून दोन दिवस मी हवेत होते. तू मला कधी विचारलेच नाहीस. निवृत्तीचे आता काही सांगू नको आणि विचारू नको. पण रुक्मिणी? माझ्या लग्नाच्या दिवशी ती मांडवाबाहेर येऊन उभी होती. मी तिला बघून तोंड फिरवले. तू माझ्या शेजारी उभा होतास. तू ते पाहिलेस. स्टेजवर माझी माफी मागायची नाही. स्टेजवर माझे काहीच नको. आधी तिच्या दारी जा. मग जमले तर मला लिही."

गेलो. गौरेशला त्याआधीच फोन करून येत नाही म्हणून कळवले.

तुला ठाऊक नसेल, रुक्मिणी आजही आमच्याच वाड्यावर आहे, चार घरे सोडून. मधुकर टेलरशी तिचे लग्न झाले. तो आता फारसा बसत नाही, दुकान तीच चालवते. सगळा वाडा तिच्याकडून कपडे शिवून घेतो. मी बत्तीस वर्षे माझे शर्ट म्हापशाला शिवून घेतो. सुविधाने कारण विचारले की म्हणायचो, तिथे फिटिंग चांगले बसते.

दुपारी तीनला गेलो. ती मशीनवर होती. मला बघून चष्मा वर केला.

"शर्ट?"

"नाय. बोलाचां आसा."

उभ्यानेच सांगितले. डिचोलीचे, पडवीतले, सगळे. पहिल्या दोन वाक्यांनंतर तिने पाय मशीनच्या पायडलवरून काढला. हातातले कापड सुईखाली तसेच होते. 

"माका तुझ्या आयेन सांगलां होतां, कुसुमानच तुझां नाव घेतलां म्हणून," ती म्हणाली.

मला हे माहीत नव्हते, कुसुम. आईने असे का म्हटले, तिला कसे वाटले, ते आता विचारायला आई नाही. तू समजत होतीस, तिने तुला फसवले. ती समजत होती, तूच तिच्यावर घातले. दोघींच्या मध्ये माझा एक शब्द, आणि मी त्याच वाटेने रोज कचेरीत जात होतो.

"माका क्षमा कर, रुक्मिणी," मी म्हटले.

तिने माझ्याकडे पाहिले. राग दिसला असता तर मला समजले असते. "सगुण, त्या दुकानातसून माका काढली. पोरग्यो म्हणाक लागल्यो, हिच्याकडे काय सांगू नकात. माझ्या लग्नात एक मैत्रीण नाय आयली. आज तू येऊन सांगलंय. तू हलको झालंय. आता मी काय करू तां सांग."



तिने सुईखालचे कापड सोडवले, दोरा दातांनी तोडला. "फोन लाव तिका."

"माझो ती उचलीत नाय."

"मगे नंबर दी. आणि चल तू."

नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. सात आकडा नीट उमटला नाही, पुन्हा गिरवला. रस्त्यावर आलो तरी मागे मशीनचा आवाज सुरू झाला नव्हता.

सगुण

पेडणे,
१० मार्च २०२५

कुसुम,

कार्यक्रमाचे तू विचारले नाहीस, तरी लिहितो, कारण तुझ्या कानावर येईल. मी नव्हतो, पण गाणे झाले. ज्योती नावाच्या कोणा मुलीने म्हटले आणि सगळे सभागृह तिच्याबरोबर म्हणत होते. मी गौरेशला विनवले होते, ते एक वगळ. "काका, ते आता लोकांचे झाले," तो म्हणाला. रागाने नाही, समजावून म्हणाला. मी केलेले गाणे आता मलाच थांबवता येत नाही. एवढ्याबद्दल तुझ्यापुढे मान खाली.

देवकीबाईंनी मात्र त्यांचे कुर्ल्यांचे गाणे छान म्हटले म्हणे. अर्ध्यात शब्द विसरल्या, लोकांनी सांगितले.

आता कालचे. रविवार होता. दहाच्या सुमारास ओंकारची गाडी वाड्यावर शिरली. मी जनेलाच्या गजांपाशी पेपर वाचत होतो. तू उतरलीस तेव्हा ओळखायला क्षणभर लागला. तू आता थेट आईसारखी चालतेस, जरा डावीकडे झुकून.

रुक्मिणी दारात उभी होती. दोघी तशाच उभ्या राहिलात. तू काही बोललीस की ती बोलली, इथून ऐकू आले नाही. मग तिने तुझ्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी आत गेलात.

सुविधा स्वयंपाकघरातून धावत आली. "आयल्यो! जावन हाक मारू? जेवाक बोलवू?"

मी नको म्हटले. "आमच्याकडे नाय आयली ती."

सुविधा रडली. तिचा काही अपराध नसताना तिला नणंद असून नसल्यासारखी झाली, तिचेही वाईट वाटते. मी जनेलाचे एक दार ओढून घेतले, म्हणजे तुला इकडे बघावे लागले तरी कोणी दिसू नये.

दुपारी एकदा तुम्हा दोघींच्या हसण्याचा आवाज आला. मोठ्याने, मुली हसतात तसा. मधुकर बाहेर येऊन पायरीवर बसला, बहुतेक त्याला तुम्ही बाहेर काढले असेल. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. रडत असाल. मी तिथून हललो नाही. जेवलोही तिथेच.

पाच वाजता निघालीस. गाडी आपल्या दारावरून गेली. तू समोर बघत होतीस.

आज सकाळी रुक्मिणी कुंपणापाशी दिसली. मी विचारणार नव्हतो. तीच म्हणाली, "तुझ्याविषयी तिणें काय विचारलां नाय. मीय काय सांगलां नाय." मग जाता जाता, "परत येतलंय म्हणालीहा. पाडव्याक."

हे लिहितो ते एवढ्यासाठीच. काल तू आलीस, पण वाड्यात शिरताना आणि जाताना मान ताठ ठेवून एका बाजूला बघायचे टाळत होतीस. ते मला दिसले. तुझे बालपण त्या वाड्यावर गेले. विहीर अजून आहे, रतांब्याचे झाडही आहे. रुक्मिणीबरोबर तिथे फिरावेसे वाटले तर फिरता आले पाहिजे.

प्रतीक्षाला फोन केला आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी आणि सुविधा मांद्र्याला जातो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उशिरा परत येऊ. पुढेही कधी यायचे असले तर रुक्मिणीला आधी कळव, ती सुविधाला सांगेल.

तू ये. मी घरी नसेन.

सगुण